डावा कान

ही गोष्ट मी आजवर कोणाच्याच कानावर घातलेली नाही. कानावर घालणं — बघा, पहिल्याच ओळीत तो शब्द आला. मी तो टाळणार होते. पण या गोष्टीत कान टाळून कुठं जाणार? सगळं कानाचंच तर आहे.

नवऱ्याला सांगितलं नाही. ते गेले तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात होता, तेव्हाही नाही. लेकीला नाही, सुनेला नाही. देवापुढं हात जोडले तेव्हा त्यालाही दुसरंच काहीबाही सांगत बसले. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. शाळेची पायरी मी चढलेली नाही. अक्षरं शेजारच्या भिंतीवर बघून बघून उचलली. ती भिंत कोणाची तेही येईल पुढं. तर लिहिण्यात इकडचं तिकडं झालं तर होऊ द्या, पण खोटं नाही लिहिणार. आता काय उपयोग खोट्याचा?

आमचे हे पोलिसात शिपाई होते. लग्न होऊन मी थेट पोलीस लाईनीत आले. ठाण्याचं नाव सांगत नाही, आसेगावच्या वाटेवरचं एक ठाणं म्हणा. तेव्हा वाशीम जिल्हा नव्हता, आमचं सगळं अकोल्याकडं तोंड करून चालायचं. नागपूरला सगळ्यांचे मोठे साहेब, ते आमच्यातल्या कोणी डोळ्यांनी पाहिले नव्हते. त्यांच्याखाली अकोल्याचे सुपरिटेंडंट, त्यांना लाईनीत नुसतं 'मोठे साहेब' म्हणत. मग सर्कल साहेब. मग आमचे ठाणेदार. मग जमादार, त्यांच्या बाहीवर तीन पट्ट्यांची फीत. आणि मग कोऱ्या बाहीचे शिपाई, म्हणजे आम्ही. उतरंडीतलं खालचं मडकं हललं की वरची हलतात. आमच्या उतरंडीत उलटं होतं. वरचं नुसतं खोकलं तरी खालची थरथरायची.

आणि या उतरंडीला लागून दुसरी एक होती, बायकांची. ती कुठल्या कायद्यात लिहिलेली नव्हती, पण ठाणेदारांच्या हुकमाहून कडक होती. लाईनीच्या टोकाला विहीर. पहिली घागर ठाणेदारीणबाईंच्या मोलकरणीची, दुसरी जमादारीणबाईंची, आणि मग शिपायांच्या बायका, ज्याची भरती आधी त्याची बायको आधी. खोल्याही तशाच होत्या, एका कवेलूच्या छपराखाली एका ओळीत. आमची शेवटून दुसरी. अगदी शेवटची गोदीची.

गोदी. गोदावरी तिचं नाव, माहेर-सासर दोन्ही किन्हीराजाकडचं. तिचे मालक रामभाऊ आमच्या ह्यांच्याबरोबरच भरती झाले, पण नंबर ह्यांच्या मागचा लागला, म्हणून खोलीही मागची. आमच्या मधे एकच भिंत. तिच्या घरची फोडणी मला आधी कळायची आणि माझ्या घरचं भांडण तिला — नाही, तिला अर्धंच कळायचं. तिचा डावा कान लहानपणीच फुटलेला. त्या कानानं तिला काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. उजवा चांगला होता.

लोक तिची कीव करायचे. मी? मी त्या कानावर जळत होते.

हसू नका. सांगते. त्या काळी कोणता नवरा चारचौघात बायकोशी बोलायचा? आमचे हे दारातून खोकायचे, आणि 'कोण हाय घरात?' असं विचारायचे. घरात मीच असणार, दुसरं कोण? माझं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं ते मला आठवत नाही. आणि रामभाऊ? त्यांना बोलायचं तर गोदीच्या उजव्या कानाशी वाकावं लागायचं. सगळ्यांसमोर, दिवसाउजेडी. कोणी नावं ठेवायची सोय नाही, कारण बिचारीला ऐकू येत नाही. 'मीठ संपलं' एवढंच सांगत असतील, मला काय ठाऊक. पण मी ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली असायची आणि तो पगडीवाला उंच माणूस वाकून काहीतरी पुटपुटायचा, आणि ती हसायची. माझे दोन कान धडधाकट, आणि दोन्ही कोरडे.

संध्याकाळी ते तिला भिंतीवर कोळशानं अक्षरं काढून दाखवायचे. 'ग' गोदीचा. मी दारात उभी राहून, काहीतरी मागायला आल्यासारखं करून, ती अक्षरं डोळ्यांत भरून घ्यायची आणि घरी येऊन चुलीच्या राखेत काढून बघायची. आता ज्या अक्षरांनी हे लिहिते आहे ती तीच. चोरीची म्हणा.

पण असं समजू नका की आमचं वैर होतं. गोदी माझी मैत्रीण होती, माझ्या आयुष्यातली एकुलती एक. माझ्या पहिल्या बाळंतपणात माझी आई पोचायच्या आधी गोदीनं सगळं केलं. जिच्यावर जीव होता तिच्यावरच जळत होते. दुसऱ्या कोणावर जळायला मला फुरसत तरी कुठं होती?

आता फालीनचं सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. कवायतीला उभं राहायचा तो इंग्रजी हुकूम — आमच्या लाईनीत त्याचं फालीन झालं होतं. रोजची फालीन सकाळी, ती सगळ्यांना ठाऊक. पण कधीतरी मोठे साहेब अकोल्याहून न सांगता मोटारीनं यायचे. मग पहारेकरी पहिल्या खोलीशी येऊन एकदाच ओरडायचा आणि परत पहाऱ्यावर पळायचा. पुढचं काम बायकांचं. रातभर गस्त घालून आलेले कोणी झोपलेले, कोणी न्हाव्यापुढं बसलेले, कोणी नाल्यावर. एका दारातून दुसऱ्या दारात हाक द्यायची: 'फालीन व, मोठे साहेब आले.' आपल्या दाराची हाक पुढच्या दारात पोचवल्याशिवाय आपल्या माणसाचे पट्टेसुद्धा हातात द्यायचे नाहीत, असा दंडक. आणि त्या हाकेत कधीच खंड पडला नव्हता. त्याचा आम्हाला गर्व होता. फौज त्यांची, पण ती उभी करायच्या आम्ही.

शेवटची हाक माझ्याकडून गोदीकडं. तिला हाक देऊन भागायचं नाही. मी आत जायची, तिच्या उजव्या खांद्यावर हात ठेवायची आणि वाकून सांगायची. हो, मीही वाकायची. दर वेळी तसंच. हे लक्षात ठेवा.

त्या वर्षी आमचे म्हातारे जमादार पेन्शनीत निघाले. त्यांची फीत कोणाला मिळणार? लाईनीत दोनच नावं. आमचे हे, नंबरानं आधीचे. आणि रामभाऊ, ज्यांना लिहिता येत होतं, जे रपट, म्हणजे घडल्या गोष्टीची खबर, अशी लिहायचे की ठाणेदारांना एक शब्द बदलावा लागत नसे. साहेब येऊन दोघांना कवायतीत बघतील आणि ठरवतील, असं ठाण्यातून कळलं. पण मनातून सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. विहिरीवर ठाणेदारीणबाई एकदा स्वतः आल्या होत्या, हसत मला म्हणाल्या, "काय व, आता गोदीची घागर तुह्यापुढं लागन. सरक बरं जराशी, आतापासूनच सवय कर."

सगळ्या हसल्या. मीही हसले. गोदीला ऐकू आलं नाही, ती माझ्या उजवीकडं उभी होती, डावा कान आमच्याकडं. तिनं मला विचारलं, "काय म्हणल्या वं बाई?"

मी म्हणाले, "काही नाही. पानी गढूळ हाये म्हणल्या."

आणि त्याच दुपारी ती माझ्याकडं आली. हातात काहीतरी लपवल्यासारखं, चेहरा असा उजळलेला. म्हणाली, "तुले हसू येईन. पन मी आतापासूनच सांगून ठेवते. थे फीत मिळाली ना, तर बाहीवर तूच शिवून देजो. माह्या हाताचा टाका वाकडा पडते. तुह्या हाताची शिलाई साहेबाच्या डोळ्यात भरन." आणि मुठीतून एक रीळ काढून माझ्यासमोर ठेवलं. खाकी दोऱ्याचं. आठवडी बाजारातून आणलेलं.

तिच्या मनात काही नव्हतं. मी शपथेवर सांगते, त्या बाईच्या मनात कणभर काही नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, नाही का?

साहेब आले ते भर दुपारी, उन्हाळ्याचे. रामभाऊ पहाटे आसेगावच्या गस्तीवरून आले होते आणि खोलीच्या मागं कडुनिंबाखाली बाज टाकून झोपले होते. आमचे हे घरातच होते. लाईनीतून हाक येत आली, दार, दार, दार, आणि माझ्या दारात आली. मी ह्यांना उठवलं. ते पट्टे बांधता बांधता म्हणाले, "रामभाऊले सांगतलं का?"

"सांगून राह्यली ना," मी म्हणाले. ते पळाले.

मी गोदीच्या दारात गेले. ती जात्यावर तुरीची डाळ भरडत होती. दाराकडं पाठ, डावा कान माझ्याकडं. जात्याची घरघर. मधे फार तर दोन पावलं जमीन. दर वेळी मी ती ओलांडून जायची, तिच्या खांद्यावर हात ठेवायची. मी सांगितलंय तुम्हाला.

त्या दिवशी मी उंबऱ्यावरच थांबले.

आणि म्हणाले — शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तेवढ्या आवाजात — "गोदे, फालीन व. मोठे साहेब आले."

ती भरडत राहिली. तिचा खुंट्यावरचा हात फिरत होता, बांगड्या वाजत होत्या. मी उभी राहिले. किती वेळ? एखादा घास चावून गिळायला लागतो तेवढा. त्या वेळात मला सगळं कळत होतं. विसरले, गोंधळले, घाईत होते — यातलं काहीच खरं नाही. मला कळत होतं की तिनं ऐकलेलं नाही. मला हेही कळत होतं की मी सांगितलेलं आहे. उद्या कोणी विचारलं तर मी देवाशप्पथ म्हणू शकत होते की सांगितलं. त्या विचारानं मला काय वाटलं असेल? भीती? नाही. मला बरं वाटलं. छातीवरून कोणीतरी दगड उचलल्यासारखं बरं वाटलं.

मी घरी आले आणि भिंतीला पाठ लावून बसले. पलीकडून जात्याची घरघर येत होती. तिकडं मैदानात कवायतीचे हुकूम सुटत होते आणि इकडं भिंतीपलीकडं जातं फिरत होतं. ते थांबावं असंही वाटत होतं आणि थांबू नये असंही. मधेच एकदा थांबलं. पण ती डाळ घालत होती नुसती. परत सुरू झालं.

मग ठाण्यातून शिपाई रामभाऊंना शोधत पळत आला. ते उठून धावले, पगडीचा शेव पाठीवर लोंबतो आहे, एका पायाची पट्टी सुटून मागं ओढली जाते आहे — रांग उभी होती, साहेब रांगेसमोर होते. ह्यांनी नंतर सांगितलं, साहेबांनी नुसतं त्या पट्टीकडं पाहिलं आणि पुढं गेले.

फीत आमच्या घरात आली.

ठाणेदारांनी लाईनीतल्या बायकांना ओट्यापाशी उभं केलं आणि हाक कुठं तुटली ते विचारलं. पहिल्या दारापासून सुरुवात. एकेकीनं सांगितलं. माझ्याशी आले. मी मान वर करून म्हणाले, "मी सांगतलं."

काय खोटं होतं त्यात? एक अक्षर खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं. साधं खोटं असतं तर कधीतरी माझ्याच तोंडून फुटलं असतं.

गोदीनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता. आता ही म्हणेल की तू आत काहून नाही आली? दर वेळी येतेस, आजच काहून नाही? तिला विचारायला काय हरकत होती? पण तिचा हात हळूच वर गेला आणि डाव्या कानावर पडला, शाळेतल्या पोरानं मार चुकवावा तसा. ती म्हणाली, "थे सांगतलं म्हनते तर सांगतलंच असन, साहेब. थे कधी चुकत नाही. माह्याच कानानं घात केला."

मी पदर सारखा केला.

त्या संध्याकाळी मी दाराच्या फटीतून बघत होते. रामभाऊ तिला मारतील, निदान बोलतील, असं मला वाटत होतं — खरं सांगू, मी वाट बघत होते. ते ओट्यावर तिच्या उजवीकडं येऊन बसले. वाकले. कानात काहीतरी बोलले, बराच वेळ. ती रडत होती, मग रडत रडत हसली. म्हणजे फीत घेऊनही मला ते घेता आलं नव्हतं. तेव्हाही मी जळत होते, माझी लाज बघा. जिचं घेतलं तिच्यावरच.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांच्या बाहीवर फीत शिवली. गोदीच्याच रिळानं. ती माझ्याशेजारी बसून सुईत दोरा ओवून देत होती. "सरळ शिवली हं," म्हणाली. मग विहिरीवर मी पुढं गेले, जमादारीणबाई झाले, आणि ती मागून म्हणायची, "जमादारीणबाई, आमच्यासाठी पानी ठेवजा बरं काय." थट्टेनं म्हणायची. तिला थट्टाच वाटत होती.

थोड्या दिवसांनी रामभाऊंना कामरगावकडच्या चौकीवर धाडलं. सामान बांधायच्या आधी गोदीनं एक केलं होतं. आपलं जातं उचलून फिरवलं होतं, दाराकडं तोंड करून. त्या फालीनच्या दुसऱ्याच दिवशी. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "आता दाराकडं पाठ नाही करायची म्हनलं. कोनी सांगाले येईन अन् आपल्याले दिसणारच नाही."

रामभाऊ शिपाई लागले आणि शिपाई म्हणूनच उतरले. आमचे हे पुढं आणखी चढले. माझ्या पोरांच्या शाळा, लेकीचं लग्न, हे डोक्यावरचं छप्पर — सगळं त्या फितीवरून आलेलं आहे. मी नाही म्हणत नाही.

इंग्रज गेले त्या सुमाराला रामभाऊ गेल्याचं कळलं, आणि मी किन्हीराजाला गेले. सांगायचंच असं ठरवून गेले. बैलगाडीत बसून सगळी वाट मी वाक्यं जुळवली. गोदी अंगणात, दाराकडं — म्हणजे वाटेकडं तोंड करून बसलेली, सुपात तूर पाखडत. मला दुरूनच ओळखलं. सुनेला हाक मारून म्हणाली, "पाय व, हे आमची जमादारीण. हिनं त्या दिशी बरोबर हाक देल्ली होती. माह्याच कानानं तुह्या सासऱ्याची फीत खाल्ली. पन थे जिवात जीव होता तवर एका शब्दानं बोलले नाही मले."

म्हणजे इतकी वर्षं ती ही गोष्ट अशीच सांगत आली होती. पोरांना, सुनांना, आल्यागेल्याला. मला निर्मळ ठेवून, स्वतःला दोषी धरून.

सून चहा टाकायला आत गेली. गोदीनं उजवीकडची जागा थोपटली. "इकडं बस व. ऐकू येते मले इकडून."

मी म्हणाले, "इकडं सावली हाये." आणि तिच्या डावीकडं बसले.

आणि मी सांगितलं. सगळं. उंबरा, दोन पावलं, जात्याची घरघर, रीळ, ती दुपार, मला बरं वाटलं तेही. हळू आवाजात, डाव्या कानाशी. एक शब्द गाळला नाही. ती तूर पाखडत होती, फोलपटं उडत होती. माझं संपलं. तिनं मान वळवली तेव्हा माझे ओठ हलताना दिसले असतील.

"काई म्हणून राह्यली काय व?"

मी म्हणाले, "काही नाही. तूर चांगली निघाली म्हनलं यंदा."

ती हसली. मी निघाले तेव्हा गाडीपर्यंत पोचवायला आली. मी गाडीत बसले तर तिनं दांडीला धरून स्वतःला वर ओढलं, वाकली, आणि माझ्या कानाशी तोंड नेलं. रामभाऊ तिच्याशी वाकायचे तशी. उभ्या आयुष्यात माझ्या कानाशी कोणी वाकलं ते तेवढंच. म्हणाली, "तू होती म्हनून लाईनीतले दिवस निघाले माये. नाही तर मले कोन सांगत होतं?"

गोदी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मी तिला दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा डाव्या कानाला. तिनं मला सांगितलं ते मी स्वच्छ ऐकलं. माझे दोन्ही कान अजून धड आहेत.